लाल दोऱ्याचे तीन वेल

गर्किन हा शब्द आमच्या वस्तीवर आला तो मोपेडच्या कॅरियरला बांधलेल्या खोक्यातून. मोपेड कुलथे साहेबांची. वय फार तर पंचवीस, मिशी नुकती फुटलेली, पण खिशाला दोन पेनं आणि काखेत फाईल, एवढ्यावर अख्खी वस्ती त्यांना साहेब म्हणायची. परदेशात काकड्या पाठवणाऱ्या एका कंपनीचे ते माणूस, आणि गावोगाव फिरून काकडी लावायला तयार होतील असे शेतकरी शोधत होते. खोक्यात बियांची पुडकी होती. बी गुलाबी रंगाचं, रंगपंचमी खेळून आल्यासारखं. मी त्यातलं एक उचलून जिभेला लावणार तेवढ्यात साहेबांनी मला अडवलं. म्हणाले, औषध चोळलेलं आहे, पोटात गेलं तर दवाखाना गाठावा लागेल. आईने माझ्या हातावर चापट मारली आणि म्हणाली, "भोचक मेली." आयुष्यभर तिने मला ही एकच शिवी दिली, पण दिवसातून इतक्यांदा दिली की दुसरीची गरजच पडली नाही.

वस्ती म्हणजे संगमनेरपासून एसटीने तासाभरावर, गावाबाहेर विहिरीच्या कडेला आमच्या तीन खोल्या, पुढे लांब पडवी आणि पडवीला लागून गोठा. माणसं चार. अण्णा, म्हणजे माझे वडील, बोलायला कमी आणि ऐकायला त्याहून कमी. आई. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी अक्का, जिला शाळेतून काढून घरात घेतलं होतं. आणि मी, मंदा, तेव्हा नववीत. सकाळ उजाडायची ती दूधगाडीच्या हॉर्नने. वीज आली की विहिरीवरची मोटार घुरघुरायला लागायची, मग ज्याच्या हातात जे असेल ते तिथेच टाकून त्याने रानात पाण्याची दारं धरायला पळायचं. आईची भाकरी तव्यावर असेल तर ती मला ओरडून सांगायची, आणि मी पुस्तकात नाक खुपसून भाकरी करपवायची. करपलेल्या बाजरीच्या भाकरीचा, लसणाच्या ठेच्याचा आणि गोठ्यातल्या ओल्या गवताचा असा एक मिळून वास आमच्या घराला होता. आता संगमनेरात फ्लॅटमध्ये राहते, सगळं चकचकीत आहे, पण घराला म्हणावा असा वास काही नाही.

साहेबांनी अण्णांना विहिरीजवळचं वीस गुंठे रान मागितलं. अण्णा तिथे कांदा घेत. दोन दिवस ते तंबाखू मळत त्या रानाच्या कडेला बसले आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणाले. का म्हणाले ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती. मी मात्र साहेबांना सोडलं नाही. मला एकच प्रश्न छळत होता, की खातं कोण? साहेब म्हणाले, रशियात खातात, फ्रान्समध्ये खातात, मिठाच्या पाण्यात मुरवलेली बोटाएवढी काकडी तिकडे जेवणात लागतेच. मग मी विचारलं, तिकडे काकड्या होत नाहीत का? तर म्हणाले, होतात की, पण रोज वाकून एकेक तोडायला माणसं परवडत नाहीत. हे उत्तर मला त्या वेळी फार गमतीचं वाटलं. मी शाळेतल्या नकाशावर मुंबईपासून रशियापर्यंत दोरा ठेवून मोजलं, बोट कुठून वळत असेल त्याचा अंदाज केला, आणि घरी येऊन जाहीर केलं, की आपल्या काकडीला पोचायला तुकारामबीजेपासून हनुमान जयंतीपर्यंत वेळ लागत असेल. अक्का म्हणाली, काकडीचं सोड, तू आधी दळण घेऊन पोच.

बी टोचलं, उगवलं, बांबू रोवून तार ओढली आणि तारेला सुतळ्या सोडल्या. वेल इतक्या घाईने सुतळीला धरून वर चढायचे, की सकाळी पाहिलेला कोंब संध्याकाळी तिथे नसायचा. महिनाभरात पिवळी फुलं आणि फुलामागे लव असलेल्या, करंगळीएवढ्या काकड्या. साहेब म्हणाले, उद्यापासून तोडा. आणि इथेच आमच्या घराने पहिला घोळ घातला. अण्णांनी वाकून एक काकडी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि सोडून दिली. एवढीशी काकडी तोडणं त्यांच्या हाताला जमेना. आमच्याकडे कोवळं फळ तोडत नाहीत, देठ फिरला की तोडतात, हे त्यांना त्यांच्या बापाने शिकवलेलं. ते म्हणाले, दोन दिवस जरा भरू द्या. दोन दिवसांत त्या काकड्या अशा भरल्या की मनगटाएवढ्या झाल्या. कंपनीच्या टेम्पोवाल्याने एक पाटी बघितली, हसला, आणि टेम्पो तसाच पुढे नेला. पुढचे आठ दिवस आम्ही काकडीचं कोरड्यास, काकडीची कोशिंबीर, काकडीचं थालीपीठ खाल्लं. गाईंनीही तिसऱ्या दिवशी तोंड फिरवलं.

त्यानंतर मात्र आम्ही तोड्याला लागलो ते लागलोच. गर्किनचा नियम सोपा आणि जीवघेणा, जितकी लहान तितका भाव जास्त, आणि एक रात्र चुकली की ती लहान राहत नाही. म्हणून रोज तोडा. सण असो, सुतक असो, अंगात ताप असो. सकाळी दव असताना पाल्याखाली हात घालायचा, काकडी चिमटीत धरून देठ सोडून तोडायची, टोकाला चिकटलेलं वाळकं फूल अंगठ्याने उडवायचं, कारण ते फूल राहिलं तर काकडी मिठात मऊ पडते. पाला खरखरीत, हातांना कोपरापर्यंत बारीक रेघा उठायच्या आणि मीठ लागलं की चुणचुणायच्या. मी शाळेच्या आधी दोन ओळी करायची आणि बोटांना हिरवा वास घेऊन वर्गात बसायची. दुपारी आई आणि अक्का पाट्या डोक्यावर घेऊन सडकेपर्यंत जायच्या, तिथे टेम्पो यायचा.

एकदा साहेबांनी खास दाखवायला एक काचेची बरणी आणली. झाकण लाल, चिठ्ठीवर आरशात बघून लिहिल्यासारखी अक्षरं. आत आमच्याच काकडीच्या बहिणी उभ्या ओळीत, खाली मोहरीचे दाणे, आणि चक्क शेपूची फुलं. शेपू! ज्या भाजीच्या वासाने अण्णा ताट सरकवून उठायचे, ती घालून हे लोक लोणचं करतात आणि बोटीने मागवून खातात. प्रत्येकाला एकेक फोड मिळाली. आधी आंबट, मग गोडसर, आणि तिखटाचा पत्ताच नाही. आईने फोड चावली, विचार केला आणि म्हणाली, "आजारी मानसाचं लोनचं हाय." आत्ता पुण्याला लेकीकडे गेले की तिच्या फ्रिजमध्ये तसली बरणी असते. मी चष्मा लावून बारीक अक्षरात कुठली आहे ते वाचते आणि ती म्हणते, आई, तू बरणीशी काय बोलतेस.

आता एक सांगायचं तर ते सरळच सांगते. आमच्या घरात कावळा शिवलेली बाई चार दिवस पडवीच्या टोकाला, गोठ्याकडच्या बाजूला बसायची. तिचं घोंगडं वेगळं, ताट वेगळं, तांब्या वेगळा. तिने चुलीकडे यायचं नाही, देवाकडे बघायचं नाही, लोणच्याच्या बरणीवर तिची सावली पडू द्यायची नाही. आणि मुख्य म्हणजे वेलाला शिवायचं नाही. काकडी, कारलं, पडवळ, जे जे वेलावर येतं ते विटाळाने जळतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आई या बाबतीत फार कडक. मी एकदा तिसऱ्या दिवशी चुकून कारल्याच्या मांडवाखालून गेले, तर तिने मला धरून परत आणून बसवलं, आणि चौथ्याऐवजी पाचव्या दिवशी न्हायला दिलं. त्या चार दिवसांत मी शाळेचीच नव्हे, हाताला लागतील ती पुस्तकं वाचायची, किराणा बांधून आलेले कागदसुद्धा. अक्का घोंगड्यावर झोपायची, नुसती झोपायची, उठून जेवायची आणि परत झोपायची.

काकडी घरात आल्यावर या नियमाची पंचाईत झाली. घरात बायका तीन. म्हणजे महिन्यातले कितीतरी दिवस कुणी ना कुणी बाहेरचं, आणि तितके दिवस तोड्याला एक जोडी हात कमी. मी बसले की माझ्या दोन ओळी आई ओढायची, अक्का बसली की आई तिच्याही ओढायची. आई स्वतः कधी बसायची, हे मला नीटसं आठवेना, पण तिकडे तेव्हा माझं लक्ष नव्हतं. माझं लक्ष निराळ्याच गोष्टीकडे होतं. शाळेत विज्ञानाच्या सरांनी नुकताच कुंडीचा प्रयोग दाखवला होता. दोन सारख्या कुंड्या, एक उन्हात, एक काळोखात, आणि मग काय होतं ते बघा. ऐकून नव्हे, बघून ठरवा, असं सर म्हणाले. मी पडवीच्या टोकाला घोंगड्यावर बसून समोरचा हिरवागार मळा बघत होते आणि डोक्यात भुंगा शिरला. विटाळाने वेल जळतो, हे कुणी बघितलंय?

दुसरा दिवस होता. दुपारी आई आणि अक्का पाट्या घेऊन सडकेला गेल्या, अण्णा मोटारीपाशी. मी अक्काच्या शिवणाच्या डब्यातून लाल दोरा घेतला आणि गोणी शिवायचा पांढरा दोरा घेतला, बांधाच्या कडेने वाकत गेले आणि शेवटच्या ओळीतले एकाआड एक सहा वेल धरले. तीन वेलांना लाल दोरा बांधला आणि त्यांना दोन्ही हातांनी नखशिखांत शिवले, पानं, फुलं, काकड्या, बुंधा, काही सोडलं नाही. उरलेल्या तिघांना पांढरा दोरा बांधला, तोही काडीने ओढून, बोट लागू न देता. मग पळत येऊन घोंगड्यावर बसले. छाती अशी धडधडत होती की गाय वळून बघत होती. पुढे मी आयुष्यभर शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, हजारो पोरांच्या वह्या तपासल्या. माझ्या त्या प्रयोगाला मी निम्मेच मार्क दिले असते, कारण विटाळ एका वेलाला लागतो का अख्ख्या मळ्याला, हे मी आधी ठरवलंच नव्हतं. आणि हे माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

चार दिवस झाले, मी न्हाले, तोड्याला लागले. रोज त्या सहा वेलांपाशी थांबायची. काही नाही. लाल दोऱ्याचे तिन्ही वेल मजेत. मला विजय झाल्यासारखं वाटत होतं, आणि सांगायला कुणी नाही म्हणून पोटात दुखत होतं. मग आभाळ आलं. दिवाळी होऊन गेलेली, थंडी पडायच्या ऐवजी ढग, दमट हवा, सकाळी पाला निथळायचा. त्याच दिवसांत एकदा अक्का तोडा करताना मध्येच पाटी ठेवून बाहेर आली आणि आईच्या कानात काहीतरी बोलून पडवीत जाऊन बसली. निम्मी ओळ तिची झाली होती. आणि त्याच संध्याकाळी पानांवर डाग दिसले. पिवळे, चौकोनी, जणू कुणी बोटांनी हळद लावत गेलंय. दुसऱ्या दिवशी ते दुप्पट झाले. तोडा निम्म्यावर आला, आणि ज्या काकड्या मिळाल्या त्या वाकड्या.

अण्णा कधी नव्हे ते बोलले. पडवीत, सगळ्यांसमोर. त्यांनी कांदा सोडून हे रान काकडीला दिलं होतं, मळा बाद झाला तर कंपनी पुढल्या वेळी बी देणार नव्हती, आणि वर्षाच्या मध्यात त्या रानात दुसरं काही उभं राहणार नव्हतं. ते म्हणाले, "पोरगी शिवली वेलाला. दुसरं काय?" अक्का घोंगड्यावर बसली होती. तिने मान खाली घातली. आई शेजारी उभी होती आणि तीही काही बोलली नाही, हे मला फार लागलं, कारण अक्का कळल्याबरोबर बाहेर आली होती हे आईला माहीत होतं. त्या दिवसापासून अक्काचं झोपणंही गेलं. भिंतीकडे तोंड करून ती नुसती बसायची, आणि ताट आलं तसं परत जायचं.

खरी शिवणारी मी. तो दिवसभर मी कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. मग दुसऱ्या दिवशी पहाटेच्या तोड्याला मी सगळ्यांच्या आधी शेवटच्या ओळीत गेले आणि सहाही वेलांचा पाला उलटा करून बघितला. लाल दोऱ्याच्या तिघांतले दोन डागाळले होते, एक अजून स्वच्छ. पांढऱ्या दोऱ्याचे तिन्ही डागाळले होते. मी पुन्हा मोजलं. म्हणजे शिवण्याचा आणि डागाचा काही संबंध दिसत नव्हता. मी काही केलं नव्हतं, अक्काने तर नव्हतंच. पण हे सांगायचं तर मी काय केलं ते आधी सांगावं लागणार होतं. तेवढ्यात मागून आई आली, तिने दोरा बघितला आणि विचारलं, हे काय? मी सगळं सांगितलं. थांबले असते तर सांगितलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं.

मला वाटलं, चापट बसेल. आई खाली वाकली. तिने स्वतः लाल दोऱ्याच्या वेलाची पानं उलटी केली, मग पांढऱ्याची, मग पुढच्या लालची. सहाही बघून झाल्यावर ती बांधावर टेकली आणि तिने पदराने हात पुसले. म्हणाली, "वेल जळत न्हाई, मला ठावं हाय."

आई शांतपणे, काकडीचं वाळकं फूल उडवावं तसं बोलत होती. ती सोळाव्या वर्षी या घरात आली तेव्हा घरात बाईमाणूस नव्हतं. सासू आधीच गेलेली. सासरा, दीर आणि अण्णा, तीन गडी, तिन्ही भाकरीची वाट बघणारे. पहिल्या महिन्यात ती घोंगडं घेऊन पडवीत बसायला निघाली आणि तिच्या लक्षात आलं, की आपण बसलो तर चूल कोण पेटवणार, धार कोण काढणार. कुणी तिला बस म्हणालं नाही, कुणी विचारलंही नाही. तिनेही कुणाला सांगितलं नाही. तशीच चुलीपुढे गेली, देवाला दिवा लावला, पडवळाच्या मांडवाखाली गेली, कैऱ्या चिरून लोणचं घातलं. पहिलं वर्ष रोज भीतीत गेलं. "रोज बघत हुते, आज कायतरी जळंल म्हनून," आई म्हणाली. "कायबी जळलं न्हाई. पडवळ तर लई आलं त्या साली."

मी विचारलं, मग आम्हाला का बसवतेस? पाचव्या दिवशी का न्हायला दिलंस मला?

आई म्हणाली, "तुमाला बसवायला मी हाय म्हनून. मला कुनी न्हवतं." मग म्हणाली, "चार दिस तुमाला तुजा बाप सुदिक पानी आन म्हनत न्हाई. विटाळ हाय म्हनून म्हनत न्हाई. विटाळ न्हाई म्हनलं, तर काय सांगून बसवू तुमाला?"

मला तेव्हा ते पुरतं कळलं असं मी म्हणणार नाही. मला राग आला होता. म्हटलं, अक्काला बोलणी बसली तेव्हा तू गप्प का बसलीस? आई म्हणाली, एक बोलले असते तर सगळंच बोलावं लागलं असतं. हेच कारण माझंही होतं, त्यामुळे मला पुढे भांडता आलं नाही. आईने सहाही दोरे स्वतः सोडले, कमरेला खोचले आणि तोडा पुरा केला. मात्र त्या दिवशी दुपारी तिने दोन भाकऱ्या आणि हुलग्याच्या शेंगोळ्यांचं ताट घेतलं, पडवीच्या टोकाला गेली, अक्काच्या घोंगड्यावर तिला खेटून बसली आणि त्याच ताटातून तिला भरवून स्वतः खाल्लं. अण्णा समोर जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला. आईने त्यांच्याकडे बघितलं नाही. अण्णांनी घास तोंडात घातला आणि ते पाणी प्यायले. अक्का रडत रडत जेवली, पण सगळं जेवली.

त्याच दिवशी उन्हं कलताना कुलथे साहेब आले. त्यांनी एक पान उलटं करून बघितलं आणि पुढचं बोलणं आधीच ठरलेलं असल्यासारखं म्हणाले, केवडा म्हणतात तो बुरशीचा रोग आहे, आभाळामुळे सगळीकडे आलाय, अकोले तालुक्यापर्यंत एकही मळा सुटलेला नाही. औषध दिलं, खालची डागाळलेली पानं काढून जाळायला सांगितली. मग वहीत बघत विचारलं, तुमचा तोडा मधूनमधून इतका कमी का होतो? अण्णा घुटमळले, मग म्हणाले, बायकांचं असतं ना, चार दिवस बसतात. साहेब कानापर्यंत लाल झाले. पण माणूस कामाचा होता. म्हणाले, "आमच्या शेडमदी चाळीस बाया काकड्या मिठात भरत्यात. एकबी बसत न्हाई. तसं असतं तर एक बॅरल रशियाला पोचलं नसतं." आणि मोपेडला किक मारता मारता सांगून गेले, की तोडा रोज पाहिजे, हाताला हात पाहिजे, वेल नीट केले तर अजून महिना चालतील.

अण्णांना आयुष्यात एवढं पटलेलं मी पुन्हा पाहिलं नाही. चाळीस बाया आणि रशिया, यापुढे त्यांचा बाप काय आणि आजा काय. संध्याकाळी त्यांनी सांगून टाकलं, उद्यापासून मळ्यात बसायबिसायचं काही नाही, सगळ्यांनी यायचं. मी आईकडे बघितलं. मला वाटत होतं, मी जिंकले. सर म्हणाले तसं बघून ठरवलं आणि माझंच खरं झालं. आई चुलीपुढे काटक्या सारत होती. तिने एवढंच विचारलं, की अक्काचा आज तिसराच दिवस आहे, तिनेही का? अण्णा म्हणाले, तिनेही.

औषध लागू पडलं. मळा वाचला, कंपनीने पुढल्या वेळचं बी दिलं, आणि वेल पुन्हा हिरवे झाले. पुढच्या महिन्यात माझे दिवस आले तेव्हा थंडी पडली होती. पहिला दिवस, ओटीपोटात कळा, पाय जड. पूर्वी मी आपसूक घोंगडं ओढून पडवीत गेले असते. घोंगडं आता गोठ्यात वासरावर होतं. अण्णा अंगणात बादल्या घेऊन उभे होते. त्यांनी माझ्यासमोर एक धरली आणि म्हणाले, मंदे, चल, उजाडलं. त्यांच्या बोलण्यात जरब नव्हती, रोजच्यासारखं बोलले. मी बादली घेतली.

माझ्या ओळीत मी चार वेल केले आणि पाचव्याला खाली वाकले ती वाकलेलीच राहिले. गर्किन बुंध्याशी जास्त लागतं, सगळी मेहनत खालीच असते. तेवढ्यात वेलांच्या जाळीपलीकडे कुणीतरी आलं. पाल्यातून मला दोन हात दिसले, हिरव्या बांगड्या, कोपरापर्यंत रेघा. आई होती. ती पलीकडच्या बाजूने माझ्याच वेलाच्या खालच्या काकड्या तोडायला लागली आणि वरच्या तिने तशाच ठेवल्या. ती पुढच्या वेलाला सरकली की मी सरकायची. ती वाकत गेली आणि मी उभ्याने तोडत गेले, अशी आख्खी ओळ झाली. ओळीच्या टोकाला ती सरळ झाली तेव्हा तिने एक हात कमरेवर दाबून धरला आणि डोळे मिटून थोडी थांबली. अक्का पहिल्या दिवशी अशीच उभी राहायची. मी साहेबांना विचारलं होतं, सरांना विचारलं होतं, जगात ज्याला त्याला काही ना काही विचारलं होतं. आईला तिचा कितवा दिवस आहे, हे मात्र मला विचारवलं नाही.